छत्रीपुरती जागा

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सहा वर्षांपूर्वी एक कागद लागला. खाली सचिव म्हणून सही माझी होती. ‘इमारतीच्या बाहेरील भिंतीवर, ग्रिलवर अथवा गच्चीवर डिश लावण्यास सक्त मनाई आहे. लावलेल्या डिश पंधरा दिवसांत काढाव्यात, अन्यथा सोसायटी त्या काढून टाकील व खर्च सभासदाच्या बिलात लावील.’

कागद रागाच्या भरात लिहिलेला नव्हता. इमारतीला नुकताच रंग दिला होता, त्यासाठी सगळ्यांनी वर्षभर जादा वर्गणी भरली होती. शेवटच्या मजल्यावरच्या दोन घरांत छताला ओल धरली होती. वर जाऊन पाहिलं तर डिश बसवणाऱ्यांनी गच्चीच्या स्लॅबमध्ये थेट बोल्ट ठोकलेले. वॉटरप्रूफिंगला भोकं पडली होती आणि पावसाचं पाणी तिथून आत उतरत होतं. त्यातल्या कित्येक डिश कधीच बंद पडलेल्या. भाडेकरू घर सोडून गेले, कंपनी बदलली, छत्री मात्र गंजत तिथेच राहिली. सर्वसाधारण सभेत ठराव आला तेव्हा एकानेही विरोध केला नाही.

आठवड्याभराने दुसऱ्या मजल्यावरची सून माझ्या दारात आली. कुटुंब मूळचं केरळमधलं, पण ती पुण्यातच वाढलेली, मराठी आपल्यासारखंच बोलणारी. ती म्हणाली, “काका, आम्हाला डिश नसली तरी चालेल. पण आईंना मल्याळमखेरीज काही समजत नाही. आम्ही दोघं कामावर गेलो की दिवसभर घरात त्यांच्या भाषेत बोलणारं तेवढं एकच आहे. आपल्या केबलवाल्याकडे मल्याळमचे दोनच चॅनेल येतात, आणि आईंच्या बातम्या त्यांत नाहीत.”

मी तिला नियम सांगितला. नियम सगळ्यांना सारखा, असंही म्हणालो. ती काही न बोलता गेली. पंधरा दिवसांनी त्यांच्या ग्रिलवरची छत्री उतरली होती.

तो नियम आता आमच्याकडे नाही. मधल्या काळात जगभरच्या लोकांनी हाच प्रश्न कसा सोडवला ते मी वाचत गेलो. दोन-अडीच फुटांच्या पत्र्याच्या ताटलीसाठी देशोदेशीच्या संसदांनी कायदे केले आहेत, घटनापीठांनी निकाल दिले आहेत. वाचून झाल्यावर लक्षात आलं की माझ्या नोटिशीत चूक एकच होती, पण ती मुळातली होती.

आकाशातला ठरलेला बिंदू

नियम करणाऱ्याने आधी ही वस्तू समजून घ्यायला हवी. ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर सी. क्लार्क यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्लंडमधल्या मासिकात एक लेख लिहिला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्याच गतीने फिरेल, म्हणून खालून पाहणाऱ्याला तो एका जागी खिळल्यासारखा राहील, आणि असे तीन उपग्रह साऱ्या जगाला संदेश पोहोचवू शकतील, हे त्या लेखाचं सूत्र. तीस वर्षांनी भारताने ‘साइट’ हा प्रयोग केला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना अमेरिकेच्या उपग्रहावरून दूरचित्रवाणी दाखवली गेली. तेव्हा ‘इस्रो’च्या अभियंत्यांनी कोलंबोला जाऊन क्लार्क यांच्या घरीही एक डिश बसवली. श्रीलंकेत तेव्हा दूरचित्रवाणी केंद्रच नव्हतं.

उपग्रह एका जागी स्थिर, म्हणून डिशही एकदाच रोखून बसवायची. पण याच सोयीतून सगळी भांडणं निघतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, त्यामुळे आपल्या सगळ्या छत्र्या दक्षिणेकडे बघतात. आपल्या डीटीएच सेवांचे उपग्रह महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या रेखांशांवर असल्यामुळे पुण्या-मुंबईत त्या साधारण आग्नेयेकडे वळतात. ज्याच्या घराच्या सगळ्या खिडक्या उत्तरेला, त्याला स्वतःच्या घरातून उपग्रह कधीच दिसणार नाही. त्याच्यासाठी ‘आपापल्या बाल्कनीत लावा’ हा नियम म्हणजे बंदीच.

दुसरी बाब कोनाची. महाराष्ट्रात हे उपग्रह आकाशात बरेच वर असतात, क्षितिजापासून साधारण साठ अंशांवर. म्हणजे वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब बरोबर आड येतो. आपल्याकडचे लोक कंस ठोकून छत्री ग्रिलच्या बाहेर अधांतरी टांगतात ती या स्लॅबपासून सुटका व्हावी म्हणून. लंडनमध्ये उपग्रह जेमतेम पंचवीस अंशांवर, स्टॉकहोममध्ये त्याहूनही खाली. तिथे बाल्कनीच्या आत डिश चालते, पण समोरची इमारत किंवा उंच झाड आडवं येतं. एकच नियम सगळ्या देशांना, सगळ्या इमारतींना लावता येत नाही त्याचं कारण असं थेट आकाशाशी जोडलेलं आहे.

रिंकेबीतलं स्वयंपाकघर

स्टॉकहोमच्या वायव्येला रिंकेबी नावाची वस्ती आहे. सरकारने घरटंचाई संपवण्यासाठी मोठ्या संख्येने इमारती बांधल्या त्या काळातली, १९७०च्या आसपासची. पुढे तिथे जगभरातून आलेली माणसं राहू लागली. १९९९ च्या नोव्हेंबरात एका इराकी दांपत्याने तिथे घर भाड्याने घेतलं. पदरात तीन मुलं. खिडकीजवळ एक डिश होती, तिच्यावर अरबी आणि फारसी कार्यक्रम दिसत. २००३ मध्ये इमारतीचा मालक बदलला आणि नव्या मालकाने डिश काढायला सांगितलं. भाडेकरारात तसं कलम होतं. फलक, पडदे, बाहेरच्या अँटेना परवानगीशिवाय लावायच्या नाहीत.

त्या कुटुंबाने तडजोड केली. बाहेरची डिश काढली. स्वयंपाकघरात लोखंडी स्टँड उभा केला आणि त्याच्या दांडीवर डिश बसवली. कार्यक्रम पाहायचा असला की दांडी छोट्या खिडकीतून बाहेर सारायची, पाहून झालं की आत ओढून घ्यायची. मालकाला तेही मान्य झालं नाही. भाडे लवादाने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला, पण २००५ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने तो फिरवला. करार म्हणजे करार. घर सोडावं लागलं. स्टॉकहोमपासून शंभरेक किलोमीटर दूर वेस्टेरोसला त्यांनी नवं बिऱ्हाड मांडलं.

प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं. १६ डिसेंबर २००८ रोजी निकाल लागला, कुटुंबाच्या बाजूने. न्यायालयाने धोक्याचा मुद्दा तपासला. स्वीडनच्या न्यायालयालाही त्या डिशपासून प्रत्यक्ष धोका दिसला नव्हता. उरला तो मालकाचा नीटनेटकेपणाचा आग्रह. दुसऱ्या पारड्यात काय होतं? परक्या देशात वाढणारी तीन मुलं, त्यांच्या आईबापांची भाषा, मायदेशाच्या बातम्या. माहितीचा हक्क म्हणजे नुसत्या सार्वजनिक घडामोडींच्या बातम्या नव्हेत, त्यात सांस्कृतिक आविष्कार आणि निव्वळ करमणूकही आली, असं न्यायालय म्हणालं. परदेशी वर्तमानपत्रं आणि रेडिओ मिळतात म्हणून दूरचित्रवाणीची गरज भागते, हेही त्याने मानलं नाही. आपल्या माणसांच्या भाषेतला आवाज घरात येऊ देण्यासाठी कुणाला घरच सोडावं लागणं, ही किंमत फार मोठी ठरते.

हे वाचताना दुसऱ्या मजल्यावरून उतरलेली छत्री मला आठवत होती.

ऐकण्याचा हक्क

स्वीडनच्या या निकालाआधी चौदा वर्षं जर्मनीत हाच प्रश्न देशाच्या घटना न्यायालयापुढे आला होता. एका तुर्की भाडेकरूला डिश लावायची होती, घरमालकाचा नकार होता. इमारतीत केबल होती, पण तिच्यावर तुर्की कार्यक्रम पुरेसे नव्हते. ९ फेब्रुवारी १९९४ रोजी न्यायालयाने सांगितलं की, परदेशातून आलेल्या माणसाला मायदेशाशी भाषेचं आणि संस्कृतीचं नातं टिकवण्याची विशेष गरज असते, आणि मालकाच्या हक्काशी तुलना करताना ती पारड्यात टाकलीच पाहिजे.

त्याला आधार होता जर्मन राज्यघटनेच्या पाचव्या अनुच्छेदाचा. सर्वांना खुल्या असलेल्या माहितीच्या स्रोतांपर्यंत बिनअडथळा पोहोचण्याचा हक्क तो प्रत्येकाला देतो. १९४९ च्या घटनेत हे वाक्य आलं त्यामागे ताजी जखम होती. १ सप्टेंबर १९३९ रोजी, दुसरं महायुद्ध पेटलं त्याच दिवशी, नाझी राजवटीने परदेशी रेडिओ ऐकणं हा गुन्हा ठरवला होता. आपल्याच घरात कान लावल्याबद्दल माणसं तुरुंगात गेली. ज्या देशाने हे भोगलं, त्याला डिशचा वाद फक्त भिंतीच्या रंगाचा वाटला नाही. जर्मन न्यायालयं प्रत्येक प्रकरण वेगळं तोलतात. केबलवर किंवा इंटरनेटवर तेच चॅनेल मिळत असतील तर मालकाचं पारडं जड होतं. पण तोलताना माणूस नीट पाहिला नाही तर निकाल टिकत नाही. २०१३ मध्ये तुर्कस्तानातून आलेल्या एका तुर्कमेन भाडेकरूच्या प्रकरणात घटना न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल रद्द केला, कारण केबलवर तुर्की चॅनेल आहेत एवढ्यावरच ते थांबलं होतं. त्याची भाषा तुर्की नव्हे, तुर्कमेन आहे, याकडे लक्ष दिलं गेलं नव्हतं.

याच्याशी आपलंही नातं आहे. जर्मन निकालानंतर बरोबर एक वर्षाने, ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात निकाल दिला. वाद १९९३ च्या हिरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि माहिती मिळवण्याचा नागरिकाचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं त्यात ठरलं. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपल्या महाराष्ट्राचे. तरीही जुलै १९९७ मध्ये केंद्र सरकारने थेट घरात प्रक्षेपण घेणाऱ्या उपकरणांवर बंदी घातली. ती उठायला नोव्हेंबर २००० उजाडला. पहिली खासगी डीटीएच सेवा २००३ मध्ये सुरू झाली, दूरदर्शनची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये. महाराष्ट्रातल्या घरांवर छोट्या छत्र्या उगवल्या त्या यानंतर. त्याआधी होत्या त्या केबलवाल्याच्या गच्चीवरच्या मोठ्या, जाळीच्या.

कर लावून पाहिला

हक्क मान्य केला की इमारतीचा चेहरा वाऱ्यावर सोडायचा का? मुळीच नाही. ब्रसेल्स शहरातल्या वॉटरमाल-बोइत्सफोर या नगरपालिकेला हीच चिंता होती. सुंदर बागांच्या या भागात छत्र्या वाढू लागल्या तेव्हा पालिकेने डिशमागे वर्षाला पाच हजार बेल्जियन फ्रँक कर बसवला. एका रहिवाशाने दाद मागितली. २९ नोव्हेंबर २००१ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो कर बेकायदा ठरवला, कारण केबलवर कर नव्हता, फक्त डिशवर होता. दुसऱ्या देशातला कार्यक्रम पाहणाऱ्यालाच तो भुर्दंड जास्त पडत होता. मला निकालातला पुढचा भाग मोलाचा वाटतो. शहर देखणं राहावं ही इच्छा योग्यच, पण त्यासाठी सौम्य उपाय हाताशी आहेत, असं सांगून न्यायालयाने ते मोजून दाखवले. डिशचा आकार ठरवा, जागा ठरवा, ती भिंतीला कशी बसवायची ते ठरवा, किंवा सर्वांसाठी एकच सामायिक डिश लावा.

फ्रान्स या वाटेने १९६६ पासूनच चालत आला आहे. तिथला २ जुलै १९६६ चा कायदा रहिवाशाला अँटेनाचा हक्क देतो. मालकाला नकार द्यायचा असेल तर सबळ कारण द्यावं लागतं, किंवा सामायिक अँटेनाची जोडणी देऊ करावी लागते. म्हणजे ‘नको’ म्हणणाऱ्यावर ‘मग कसं’ हे सांगायची जबाबदारी येते.

इंग्लंडची मोजपट्टी

या कामात सगळ्यात तपशिलात गेलं आहे ते इंग्लंड. तिथे घराच्या बाह्यरूपातला कोणताही ठळक बदल नियोजन कायद्याखाली येतो, म्हणून कोणत्या कामाला वेगळी परवानगी लागत नाही याची यादी कायद्यातच दिली आहे. २०१५ च्या आदेशानुसार साध्या घरावर दोन अँटेना चालतात. एक जास्तीत जास्त १०० सेंटिमीटर लांबीची, दुसरी ६० सेंटिमीटरची. चिमणीवर बसवायची असेल तर ६० सेंटिमीटरपेक्षा मोठी नको आणि चिमणीच्या वर डोकं काढायला नको. आकारमान ३५ लिटरच्या आत. पंधरा मीटर किंवा त्याहून उंच इमारतीवर चार अँटेना चालतात, १३० सेंटिमीटरपर्यंतच्या.

जुन्या, जपलेल्या वस्त्यांसाठी नियम कडक होतात. १९६७ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये संवर्धन क्षेत्रं ठरवायला सुरुवात झाली. अशा क्षेत्रात रस्त्याकडे तोंड असलेल्या आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीवर, छपराच्या उतारावर किंवा चिमणीवर परवानगीशिवाय डिश नाही. मागच्या बाजूला चालते. वारसा यादीतल्या इमारतीला मात्र स्वतंत्र मंजुरी हवीच, तिच्याशिवाय काम केलं तर तो फौजदारी गुन्हा होतो.

या सगळ्या सेंटिमीटरांच्या तळाशी दोन साध्या अटी आहेत. डिश अशा जागी लावावी की इमारतीच्या रूपाला कमीत कमी धक्का लागेल. आणि गरज संपली की ती लवकरात लवकर काढावी. आमच्या गच्चीवरच्या गंजलेल्या छत्र्या या दुसऱ्या अटीने हलल्या असत्या. माझ्या नोटिशीत ती अट नव्हती. तिने चालू आणि बंद, दोन्ही छत्र्यांना एकाच मापाने मोजलं होतं.

अमेरिकेत गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. तिथल्या घरमालक संघटना दाराचा रंग काय असावा इथवर ठरवतात, आणि डिशना त्या सर्रास बंदी घालत. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर केंद्रीय दळणवळण आयोगाने नियम केला की, एक मीटर किंवा त्याहून लहान डिशला आडकाठी करणारा, खर्च अवास्तव वाढवणारा किंवा विनाकारण उशीर लावणारा कोणताही निर्बंध चालणार नाही. अपवाद दोनच, सुरक्षितता आणि ऐतिहासिक वास्तूंचं जतन. निर्बंध योग्य आहे हे सिद्ध करण्याचा भार तो घालणाऱ्यावर. १९९९ पासून भाडेकरूलाही हा हक्क मिळाला, मात्र त्याच्या एकट्याच्या वापरातल्या जागेपुरता, म्हणजे बाल्कनी, अंगण इत्यादी. सामायिक गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर त्याचा दावा नाही. उत्तरेच्या घरात राहणाऱ्याची अडचण या नियमाने सुटत नाही, पण घराची चौकट कुठे संपते आणि सर्वांची भिंत कुठे सुरू होते हे तो स्वच्छ सांगतो.

आपली भिंत, आपली गच्ची

आपल्याकडे हा वाद सोसायटीच्या सभेत सुटतो किंवा चिघळतो. महाराष्ट्राच्या १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याने छप्पर आणि मुख्य भिंती सामायिक क्षेत्रात धरल्या आहेत. सहकारी सोसायटीतही गच्ची एकट्याची नसते. म्हणून ‘माझ्या डोक्यावरची गच्ची माझी’ हे वरच्या मजल्यावरच्याचं म्हणणं टिकत नाही, आणि बाहेरच्या भिंतीत विचारल्याशिवाय भोक पाडायचा हक्क कुणालाच नाही.

मुंबईने तर यात देशाला वाट दाखवली. वारसा इमारतींसाठी नियमावली करणारं ते देशातलं पहिलं शहर. १९९५ च्या त्या नियमावलीने यादीतल्या इमारतीच्या दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी वारसा समितीचं मत घेण्याची पद्धत आणली. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक इमारती, समोर आर्ट डेको. युनेस्कोने २०१८ मध्ये ज्या समूहाला जागतिक वारसा म्हटलं तो हा. त्या गोलाईदार बाल्कन्या, सरळ धावणाऱ्या सिमेंटच्या पट्ट्या, उगवत्या सूर्याच्या नक्षीचे कठडे बघत चालावं. जिथे एखाद्या बाल्कनीतून वेडीवाकडी छत्री बाहेर येते, तिथे आर्किटेक्टने ओढलेली रेघ तुटते. ती रेघ रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची आहे, आणि तिची काळजी घेणं ही श्रीमंतांची हौस नव्हे.

पण बडोदे, इंदूर, बेळगावच्या मराठी घरांनाही आठवून पाहावं. सह्याद्री वाहिनी आणि १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झालेली अल्फा मराठी उपग्रहावरून तिथे पोहोचल्या, आणि तिथल्या आजी-आजोबांच्या दिवसात मराठी परत आली. तिथल्या कुणा सचिवाने माझ्यासारखी नोटीस लावली असती, तर आपण कुणाच्या बाजूने बोललो असतो?

नवा कागद

आता कोणी म्हणेल, डिशचा काळच सरला. फायबर आलं, सगळं मोबाइलवर दिसतं. आकडेही तसंच सांगतात. पैसे भरून डीटीएच पाहणारी घरं सुमारे सात कोटींवर गेली होती, ती आता सहा कोटींच्या खाली आली आहेत. पण जिथे फायबर पोहोचत नाही तिथे आणि ज्यांना दरमहा पैसे परवडत नाहीत त्यांच्याकडे मोफत छत्री अजून चालू आहे. शिवाय छत्रीची दुसरी पिढी दारात उभी आहे. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात उपग्रह इंटरनेटचा परवाना मिळाला. तिचे उपग्रह पाचेकशे किलोमीटरवरून सतत सरकत जातात, त्यामुळे तिच्या अँटेनाला एक बिंदू पुरत नाही, मोकळं आकाश लागतं. गच्चीचा प्रश्न पुन्हा सभेत येणार आहे.

आमच्याकडे तो त्या नोटिशीच्या पुढच्या वर्षीच परत आला होता, मी स्वतः आणला म्हणून. सभेत मी सरळ सांगितलं की मागचा ठराव मी लिहिला होता आणि तो चुकीचा होता. गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यात लोखंडी चौकट उभी करायचं ठरलं. स्लॅबला एकही भोक न पाडता, सिमेंटच्या ठोकळ्यांच्या वजनावर. वाऱ्यात हलू नये म्हणून ती कठड्यापेक्षा बुटकी ठेवली. केबल डक्टमधून खाली, भिंतीवरून लोंबकळत नाही. उत्तरेकडच्या घरांनाही तिथे तेवढीच जागा. घर सोडताना किंवा सेवा बंद करताना डिश काढायची, नाहीतर अनामत रकमेतून सोसायटी ती काढणार. चौकटीचा खर्च सगळ्यांत वाटल्यावर आधीच्या रंगाच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य निघाला.

दुसऱ्या मजल्यावर मी निरोप द्यायला गेलो. सुनेने दार उघडलं. आजी गावी गेल्या होत्या, कायमच्या, धाकट्या मुलाकडे. “त्यांना इथे करमेना,” ती एवढंच म्हणाली. त्यांच्या जाण्याला बाकीचीही कारणं असतील. पण त्या कारणांत माझा कागदही होता, हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

चौकटीवर आज पाच छत्र्या आहेत, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. रस्त्यावरून एकही दिसत नाही. नोटीस बोर्डावरचा जुना कागद मी फाईलमध्ये ठेवला आहे, पुढच्या सचिवाला दाखवण्यासाठी. त्याचं पहिलं वाक्य होतं, डिश लावण्यास मनाई आहे. नव्या कागदाचं पहिलं वाक्य आम्ही सभेत तिघांनी बसून लिहिलं: ‘ज्यांना डिश लावायची आहे, त्यांच्यासाठी गच्चीवर आग्नेय कोपऱ्यात जागा केली आहे.’